पाच नंबरची बॅटरी

अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर एक लोखंडी कपाट आहे. त्याला कुलूप आहे आणि कुलपाच्या किल्ल्या दोनच आहेत. एक तुमच्या पर्समध्ये, दुसरी तेरा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. कपाटात आठ बॅटऱ्या ओळीने ठेवल्या आहेत. बॅटरी म्हणजे हातात धरायची विजेरी. आमच्या भागात तिलाच बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटात घालतात तो सेल. शनिवारी घरी जाताना तुम्ही सगळ्यांच्या काचा आपल्याकडे करून ठेवल्या होत्या. सोमवारी कुलूप काढता, तर पाच नंबरची पाठमोरी. तिचं मागचं झाकण अर्धवट फिरवलेलं. आतला सेल बाहेर काढून बघता, तर त्याच्यावरचं निळं प्लास्टिक फाटलंय आणि कडेला एक पोचा आहे.

आता सांगा, तुमचा संशय कोणावर जाईल?

सावकाश विचार करा. मी केला नव्हता.

आजऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची शाळा होती. मी तिथे विज्ञान शिकवायचे. मुलं मला शिंत्रे बाई म्हणत. दरवर्षी दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही एक काम करायचो. वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळरानावर, पाकोळीचं विवर म्हणून एक गुहा आहे, तिच्यात हजारो वटवाघळं लटकलेली असतात. ती आम्ही मोजायचो. भर दुपारीसुद्धा आत मिट्ट काळोख. त्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याने मुद्दाम आठ नव्या बॅटऱ्या पाठवल्या होत्या. अंगठ्याएवढा एकच सेल, पुन्हा पुन्हा चार्ज करायचा, आणि उजेड असा की डोळे दिपावेत. त्या सांभाळायचं आणि चार्ज करून ठेवायचं काम भागीरथी झोरेचं. दुसरी किल्ली तिच्याच गळ्यात होती.

मी पाच नंबरचा सेल हातात घेऊन बसले होते तेव्हा आमचे शिपाई दादूमामा फरशी पुसत होते.

"मामा, कपाटाला कोणी हात लावला?"

"मी कशाला लावू बाई? माझ्याकडं किल्ली कुठं हाय?" त्यांनी फडकं पिळलं. "जिच्याकडं हाय तिलाच इचारा की."

"भागीला?"

"मी नाव घेतलं न्हाई. तुम्हीच घेतलासा."

"मामा, स्पष्ट बोला."

ते उठून दाराशी गेले, बाहेर कोणी नाही असं बघून परत आले. "दुपारच्या सुट्टीत पोरगी जेवण अर्ध्यावर टाकती आणि शाळेमागं जाती. ओढणीत कायतरी धरून. परवाही गेलती. तिकडं आपलं कोण जात न्हाई. कुंपणापतूर वाड्यावरनं कोण येत असंल तर मला काय म्हाईत." मग बादली उचलता उचलता म्हणाले, "वाड्यावरची पोरं, बाई..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

वाडा म्हणजे धनगरवाडा. सड्याच्या पलीकडे अकरा घरं, वीज नाही, रस्ता नाही. तिथून आठवीपर्यंत आलेली भागी पहिलीच. ती शाळेशेजारच्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. मामांनी सोडलेलं वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण केलं. ते कसं पूर्ण केलं हे इथे लिहायला मला लाज वाटते.

मधल्या सुट्टीत मी भागीला बोलावलं.

"शनिवारनंतर कपाट उघडलं होतंस?"

"व्हय बाई. पुसायला."

"पाच नंबरचा सेल बाहेर काढलास?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "पडला हातातनं."

"पडून असा फाटतो?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बरं, बाकीच्यांचा उजेड नीट पडतो ना? शनिवारी गणती आहे."

"पडतोय की," ती म्हणाली. फारच पटकन म्हणाली.

त्या संध्याकाळी मी सापळा लावला. प्रत्येक सेलवर बॉलपेनने एक बारीक ठिपका काढला, कोणाला दिसणार नाही असा. माझी खात्री होती की ही मुलगी चांगले सेल वाड्यावर पाठवते आणि त्यांच्या जागी कुठले तरी मेलेले आणून घालते. बुधवारी दुपारी मी प्रयोगशाळेच्या खिडकीआड उभी राहिले. मामा खोटं बोलत नव्हते. भागी ताट अर्धं टाकून उठली, कपाटापाशी आली, ओढणीचा ओचा करून शाळेमागे गेली. येताना ओचा रिकामा होता. शेवटच्या तासाच्या आधी ती पुन्हा गेली आणि ओचा भरून आली. तिच्या ओढणीला आणि तळहातांना तांबूस काहीतरी लागलं होतं.

माती, मी म्हटलं. आमच्याकडची माती तांबडीच. म्हणजे कुठेतरी पुरून ठेवते.

शाळा सुटल्यावर कपाट उघडलं. आठ सेल, आठही ठिपके जागच्या जागी. एकही बदललेला नव्हता. फक्त हाताला सगळे कोमट लागत होते, नुकत्याच वापरलेल्या वस्तूसारखे.

गुरुवारी मुख्याध्यापक देवणे सरांना मी हे सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते.

"म्हणजे चोर माल घेऊन जातो आणि चार वाजता परत आणून ठेवतो?"

"हो."

"असला चोर माझ्या छत्रीला का मिळाला नाही?"

मला हसू आलं नाही. त्यांचंही लगेच ओसरलं. "बाई, चेष्टा राहू द्या. कोणीतरी वापरतंय, वस्तू खराब होतेय आणि पोरगी खोटं बोलतेय. वसतिगृहातल्या मुलीनं शाळेच्या वस्तूला असा हात लावला, तर मला नियमाप्रमाणे नाव कमी करावं लागतं. तुम्ही शनिवारपर्यंत खरं काय ते काढून घ्या. नाहीतर सोमवारी तिच्या आज्याला बोलावतो."

आज्याला बोलावणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. भागीच्या थोरल्या बहिणीचं नाव सातवीत असंच कुठल्याशा कारणाने कमी झालं होतं. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न होऊन गेलं.

म्हणून शुक्रवारी मी भागीला पुन्हा एकदा विचारलं. आवाज अगदी मऊ ठेवला होता.

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"मी चोरलं न्हाई बाई."

"मग दुपारी कुठे जातेस?"

"कुठं न्हाई."

"हाताला माती कसली लागते?"

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.  ती खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही आधीच ठरवलाईसा."

"काय ठरवलंय मी?"

ती पाठ फिरवून चालू लागली. मला तो उद्धटपणा वाटला.

शनिवारी सकाळी आठला आम्ही निघालो. बारा मुलं, दादूमामा आणि मी. भागीला मी मुद्दाम बरोबर घेतलं, नजरेसमोर राहावी म्हणून. वर सड्यावर पोचेपर्यंत दहा वाजले. उघड्या कातळावर ऊन चांगलंच तापलं होतं. विवराचं तोंड एका खडकाखाली आहे, तिथे गुडघ्यांवर येऊन शिरावं लागतं आणि पुढची पंधरा हात वाट पोटावर सरकत जायचं. दोन्ही हात लागतात. म्हणून आम्ही बॅटरी दातांत धरायचो. काचेला लाल कागद लावायचा, वटवाघळं बिचकू नयेत म्हणून, बॅटरी दातांत धरायची आणि सरकायचं. सर्वांत पुढे मी. इतकी वर्षं हीच रीत होती आणि मुलांना तिचा मोठा अभिमान होता. सर्जा कांबळे तर पाचवीपासून दातांत पट्टी धरून सराव करायचा.

मी बॅटऱ्या वाटल्या. पाच नंबरची स्वतःकडे ठेवली. पोचा आलेली वस्तू मुलांना कशाला द्यायची, हे एक कारण. दुसरं कारण असं, की सोमवारी देवणे सरांपुढे ठेवायला पुरावा म्हणून ती मला हवी होती.

"बाई," भागी जवळ आली. "पाच नंबर नगा घेऊ. माझ्याकडं द्या."

"का?"

"असंच."

"असंच काही नसतं, भागी."

"ती बरी न्हाई."

"तुला कसं माहीत?"

तिने बॅटरीसाठी हात पुढे केला. आता सुटकेचा मार्ग शोधतेय, मी मनात म्हटलं, आणि बॅटरीचं बटण दाबलं. मंद लालसर उजेड पडला. मी ती दातांत धरली आणि गुडघे टेकले.

ओठांना ती गरम लागली. उन्हात चालून आलोय, तापली असेल, असं वाटलं. मग एक वास आला. गोडसर, नखांचं रंगकाम पुसायच्या पाण्याला येतो तसा. विवरात असला वास कधी आला नव्हता.

"बाई, वास येतोय," भागी मागून म्हणाली. "टाका ती."

दातांत बॅटरी असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं. मी हातानेच तिला मागे हो म्हटलं आणि डोकं खडकाखाली घातलं.

पुढच्या क्षणी माझा खांदा मागे ओढला गेला आणि तोंडातली बॅटरी नाहीशी झाली. दातांना असा हिसका बसला की डोळ्यांत पाणी आलं. वळून बघते तर भागीने ती हात मागे नेऊन लांब उघड्या कातळावर भिरकावली होती. मी उठले आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"सापडलीस," मी म्हटलं.

हाच शब्द. तो माझ्या तोंडातून पुरता बाहेर पडला आणि कातळावरून फुस्स असा आवाज आला. पांढरा धूर उठला. पाठोपाठ फाडकन आवाज झाला, मागचं झाकण उडून कुठल्या तरी दगडावर आपटलं आणि त्या चिमुकल्या नळीच्या तोंडातून हातभर लांब जाळ निघाला. आठ-दहा सेकंद तो तसाच जळत राहिला. मग नुसता धूर.

 सर्जा म्हणाला, "बाई, ती तुमच्या तोंडात हुती."

माझ्या मुठीत अजून भागीचं मनगट होतं. मी ते सोडलं. त्यावर माझी बोटं उमटली होती.

"सगळ्यांनी बॅटऱ्या बंद करा," मी म्हटलं.  "त्या खडकाच्या सावलीत ठेवा, एकमेकींपासून लांब. उघडू नका. धुराकडे कोणी जायचं नाही. आज गणती नाही."

मुलांनी अंडी ठेवावीत तशा सात बॅटऱ्या हळूच खाली ठेवल्या. मी भागीला घेऊन बाजूच्या दगडावर बसले. 

"आता सांग. दुपारी कुठे जात होतीस?"

"शाळेमागच्या पंपाच्या खोलीवर. पत्र्यावर."

"पत्र्यावर?" तांबूस हात. ती माती नव्हती, गंज होता. "कशाला?"

"सेल उन्हात ठेवायला." एकदा बोलायला लागल्यावर ती थांबेना. आमच्याकडे मुलीही मी आलो, मी गेलो असंच बोलतात. "चार्जरचा लाल दिवाच लागंना बाई. गेल्या आठवड्यापासनं. माझ्या हातनं बिघडला असं वाटलं, म्हणून भ्यालो. तुम्ही रोज इचारायचासा, उजेड पडतोय का, उजेड पडतोय का. गणती चुकली असती. मग मी दुपारी सेल उन्हात घालायला लागलो. जरा जरा पडायचा उजेड. पाच नंबर लईच मेला हुता, तवा त्याला दगडानं ठोकला. ठोकल्यावर तो नुसताच गरम व्हायला लागला. सावलीत ठेवला तरी गरम. म्हणून म्हटलं, माझ्याकडं द्या."

"हे उन्हात घालणं, ठोकणं, कोणी शिकवलं तुला?"

आठवडाभरात पहिल्यांदा तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"तुम्ही. सहावीत."

मला आठवायला वेळ लागला नाही. सत्तावीस वर्षं मी तो तास घेत आले होते. मुलांच्या सगळ्यांत आवडीचा. जुन्या काळ्या मसाल्याचे दोन संपलेले सेल घ्यायचे, दिवा लागत नाही हे दाखवायचं. मग ते तासभर पायरीवर उन्हात ठेवायचे, कडेने दगडाने हलकेच ठोकायचे, आणि पुन्हा तारा जोडल्या की दिवा मिणमिणायचा. माझे आजोबा तर सेल दाताने चावायचे, हे सांगितलं की वर्ग खदखदून हसायचा. ते सगळं खरं होतं. त्या सेलांबद्दल खरं होतं. नव्या सेलात दोन पातळ पट्ट्या एकमेकींना न लागता गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये पेट घेणारा द्रव असतो. त्याला पोचा आला, तो तापला, की पट्ट्या एकमेकींना टेकतात, आणि मग आतल्या आत जे सुरू होतं ते थांबवता येत नाही. हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. मी स्वतःच ते नंतर, त्या दिवसानंतर, वाचून घेतलं. आठ बॅटऱ्यांबरोबर आलेला सूचनांचा कागद मी घडी न मोडता फाइलला लावून टाकला होता.

"सोमवारी परिपाठाला मी सगळ्या शाळेसमोर सांगेन, काय झालं आणि चूक कोणाची," मी म्हटलं. "तुला कोणी वसतिगृहातून काढणार नाही. आज्यालाही बोलावणार नाही." आणि सोमवारी मी ते सांगितलंही.

पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही दिसेना. ती सड्याच्या पलीकडच्या कडेला बघत होती.

"बाई, मग वाड्यावरचे पण फुटतील?"

"वाड्यावरचे कसले?"

"औंदा समद्यांनी असल्याच बॅटऱ्या घेतल्यात. सौरदिव्याला चार्ज होत्यात. पावसाळाभर सूर्य न्हवता, तवा मी सांगितलं, जरा ऊन पडलं की पत्र्यावर घाला, बाईंनी शिकवलंय. आता रोजच घालत्यात."

मी आभाळाकडे पाहिलं. साडेदहा वाजले होते. मी काही म्हणायच्या आत ती उठून पळत सुटली होती.

"मामा, मुलांना खाली न्या," मी ओरडले. "बॅटऱ्यांना हात लावू देऊ नका."

दादूमामा तिच्या पाठमोऱ्या धावण्याकडे बघत उभे होते. "पोरी, पाय जपून गं," ते म्हणाले, पण इतक्या हळू की फक्त मलाच ऐकू आलं.

मी धापा टाकत वाड्यावर पोचले तेव्हा भागी आपल्या आज्यासमोर उभी होती. अकरा घरं, गवताच्या गंज्या अगदी भिंतीला टेकलेल्या. आणि घराघराच्या पत्र्यावर, सांडगे घालावेत तसे, निळे सेल ओळीने वाळत घातलेले.

"खाली काढायचे? का म्हणून?" आजा म्हणत होता. "तूच सांगितलंस घाला म्हणून. लई बेस चालत्यात."

"मी चुकीचं सांगितलं आजा."

"तिनं नाही," मी म्हटलं. "मी. मी तिला शिकवलं, आणि ते या सेलांना लागू नाही."

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कानातली बाळी चाचपली. "बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या. आधी सांगितलासा घाला. आता सांगताय काढा. मग आत्ता सांगताय ते तरी बरोबर हाय कशावरनं?"

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी इतका योग्य प्रश्न विचारला नव्हता. 

भागीने माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. तिने गोठ्यातलं घमेलं ओढलं, त्यात हातांनी कोरडी माती भरली, चुलीजवळचा लांब चिमटा घेतला आणि शिडी पत्र्याला लावली.

"भागी, थांब, मी चढते," मी म्हटलं.

"पत्र्याला तुमचं वजन न्हाई झेपायचं बाई," ती वर चढता चढता म्हणाली. खाली जमलेल्या बायका हसल्या.

पत्र्यावर बसून ती आधी प्रत्येक सेलाशेजारी हात उलटा धरून बघायची, न टेकवता. मग चिमट्याने एकेक उचलून मातीत, एकापासून दुसरा लांब ठेवायची. घमेलं तिने गवतापासून दूर, आंब्याच्या सावलीत नेऊन ठेवलं आणि दुसरं घमेलं मागितलं. शेजारच्या घरातली म्हातारी दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कुणी सांगितलं गं तुला हे? ह्या बाईनं?"

"कुणी न्हाई सांगितलं," भागी म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलंय."

म्हातारी दारातून बाजूला झाली. भागीने शिडी आडवी केली, एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं, आणि मागे वळून दुसरं टोक माझ्या हातात दिलं.